कुठं आवळावं, कुठं सोडावं

माणसानं आपल्या तत्त्वांना किती घट्ट धरून राहावं, या विषयावर मी आजवर निदान चाळीस तरी व्याख्यानं ऐकली असतील. त्यातली निम्मी व्याख्यानमालांमध्ये, खुर्चीवर बसून. उरलेली घरात, उभ्यानं. वक्त्यांचा सूर एकच. मोडेन पण वाकणार नाही! टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. मीही वाजवायचो. घरी परतताना मात्र मनात यायचं, की बाबा रे, तू मोडलास तर ते तुकडे गोळा करायला कुणी यायचं? पण हे उघड बोलायची सोय नसते. अशा सभेत शंका काढणारा माणूस आधीच वाकलेला आहे, असं धरून चालतात.

हा प्रश्न मला नीट दिसला तो पार अमेरिकेत, मेरीलँड राज्यात, एका ट्रेलरखाली उताणा पडलेला असताना.

माझा भाचा तिथं अठरा वर्षं आहे. चेसापीकची खाडी जवळ, त्यामुळे तिकडच्या हवेप्रमाणे त्यालाही होडीचा आजार जडला. होडी चौदा फुटी, ॲल्युमिनियमची, तिसऱ्या हाताची. ती पाण्यापर्यंत न्यायला दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर. खाऱ्या पाण्यात बुचकळून बुचकळून त्या ट्रेलरच्या स्प्रिंगांची पार खारी बिस्किटं झाली होती. हात लावला की पापुद्रे. म्हणून नव्या स्प्रिंगा, नवा आस आणि त्याबरोबरचं नटबोल्टांचं खोकं असा सगळा संसार टपालानं घरी आला होता, आणि पाहुणा म्हणून गेलेल्या मला 'मामा, तू फक्त धर' या खात्यात भरती करण्यात आलं होतं.

मामांच्या डोक्यात त्या वेळी दुसरंच होतं. पुण्याहून निघताना ताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, मला बजावलं होतं, "तो परत येणार आहे की नाही, याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावून ये. हो की नाही. मधलं काही नको." ताईचं वय अठ्ठ्याहत्तर. या वयात माणसाला मधल्या उत्तरांचा कंटाळा येतो. तिचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

तर स्प्रिंग. लीफ स्प्रिंग म्हणजे काही परकी वस्तू नव्हे. आपले कमानपाटे हो! टांग्याखाली असायचे, मालट्रकखाली असतात, आणि लाल यष्टीखाली असतात हे तर शेवटच्या बाकावर बसून वरंधा घाट उतरलेल्या प्रत्येकाच्या मणक्याला ठाऊक आहे. त्यातही गंमत अशी, की यष्टी रिकामी असली तर माणूस छताला लागतो आणि खच्चून भरली की तीच गाडी पाळण्यासारखी चालते. कारण पाटे भरल्या गाडीच्या हिशेबानं बसवलेले. अंगावर पुरेसा भार नसला की मजबूत पाटा नुसता उडवत राहतो. भाच्यानंही आधी 'मजबूत ते चांगलं' म्हणून जाडजूड पाटे मागवायचं ठरवलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला अडवलं. हा गृहस्थ जन्मभर ट्रकांच्या खाली राहिलेला. वरच्या जगाबद्दल त्याला फारसं काही म्हणायचं नसे. तो म्हणाला, "तुझी होडी एवढीशी. इतका ताठ पाटा घातलास तर खड्डा पाटा नाही खाणार, होडी खाईल." मला आमच्या आळीतले एक अतिशय ताठ हेडमास्तर आठवले. त्यांच्या वाट्याचे सगळे खड्डे त्यांच्या बायकोनं खाल्ले.

स्प्रिंगेचा मूळ नियम रॉबर्ट हुक या इंग्रजानं शोधला. जितका भार तितकी ती ताणणार, इतकं साधं. पण पठ्ठ्यानं १६७६ साली तो छापला तो चौदा अक्षरांचा गोंधळ करून, म्हणजे कुणाला कळू नये आणि मान तर आपल्याकडेच राहावा. आणि उलगडून सांगितला १६७८ मध्ये. लवचीकपणाचा नियम इतका आवळून धरणारा माणूस विरळाच.

आता पाट्यांची रचना पाहा. सगळ्यांत वर लांबलचक मुख्य पाटा. त्याच्याच दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले. त्याखाली क्रमानं आखूड होत गेलेले पाटे. त्यांना डोळे नाहीत. मधोमध एक बोल्ट सगळ्यांतून आरपार. ते एकमेकांवर घासतात, कुरकुरतात, आणि त्या घासण्यातच धक्का जिरतो. एकत्र कुटुंबाचं इतकं प्रामाणिक चित्र मी लोखंडात दुसरं पाहिलेलं नाही. खारं पाणी नेमकं पाट्यांच्या फटीत शिरून बसतं आणि आतून खातं, हेही त्यातच आलं. म्हणून ट्रेलर खाडीतून बाहेर आला की गोड्या पाण्यानं धुवायचा असतो. कुटुंबात हे काम कोण करतं ते ज्याचं त्यानं आठवावं.

पुढच्या डोळ्यातून बोल्ट घालून आम्ही ते टोक सांगाड्याच्या कंसात पक्कं केलं. मागच्या टोकाला मात्र सरळ कंस नव्हता. दोन पट्ट्यांचा एक झोका होता, त्याला शॅकल म्हणतात. वरचा बोल्ट सांगाड्यात, खालचा पाट्याच्या डोळ्यात, आणि मधे पट्ट्या लोंबकळतात. मी म्हाताऱ्याला विचारलं, "हे टोक असं डुलतं का ठेवलंय?"

त्यानं कमानीसारखा हात धरला आणि दुसऱ्या हातानं वरून दाबला. कमान चपटी झाली, बोटं पुढं सरकली. "भार आला की पाटा सरळ होतो," तो म्हणाला, "सरळ झाला की लांब होतो. त्या लांबीला जायला जागा नको? दोन्ही टोकं पक्की केलीस तर काहीतरी तुटणार. पाटा, नाहीतर कंस."

मंडळी, चाळीस व्याख्यानांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचे एक काका दोन्ही टोकं पक्की केलेले होते. वाटणीत तांब्याचा बंब धाकट्या भावानं न विचारता नेला, म्हणून 'तो माफी मागेपर्यंत त्याच्या उंबऱ्यात पाऊल टाकणार नाही' असं त्यांनी जाहीर केलं. एकतीस वर्षं. दोघं एकाच मंडईत भाजी घ्यायचे, एकाच न्हाव्याकडे जायचे. न्हाव्यानं वार वाटून दिले होते. धाकटा भाऊ गेला त्या दिवशी काका आले, बोळाच्या तोंडाशी तीन तास छत्री घेऊन उभे राहिले, आणि उंबऱ्यात पाऊल न टाकता स्मशानात गेले. तत्त्व शाबूत राहिलं. त्यानंतर काका फारसे कुणाशी बोलत नसत. बंब हल्ली पुतण्याच्या दिवाणखान्यात आहे. त्यात प्लॅस्टिकची सूर्यफुलं ठेवली आहेत.

उलट आमच्या कचेरीत एक गृहस्थ दोन्ही टोकांना शॅकल बसवून आलेले होते. युनियनच्या खोलीत ते युनियनचे, साहेबांच्या खोलीत साहेबांचे, आणि मधल्या व्हरांड्यात भेटाल तर तुमचे. भांडण म्हणून कधी नाही. पण ट्रेलरचं दोन्हीकडचं टोक झुलतं ठेवलं तर आस आपल्या जागी राहतच नाही. चाकं मागं-पुढं भरकटतात आणि ट्रेलर वाटेल तिकडे तोंड करतो. त्यांच्या निरोपसमारंभात सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. काय केलं हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही.

म्हणजे एक टोक पक्कं आणि एक झुलतं. इथवर म्हातारा आणि मी एकमतानं आलो. पण पुढं माझी गाडी अडली. ट्रेलरचं सोपं आहे. ओढ पुढून असते, म्हणून पुढचं टोक पक्कं. माणसाचं पुढचं टोक कुठलं? ताईच्या हिशेबानं पुढं म्हणजे पुणे. भाच्याच्या हिशेबानं पुढं म्हणजे मुलीचं कॉलेज, घराचे हप्ते, ही खाडी. आणि मी असं पाहिलंय, की झुलतं टोक आवश्यक आहे हे सगळ्यांना पटतं, फक्त ते समोरच्याकडे असावं असा प्रत्येकाचा आग्रह असतो.

बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा ही गोष्ट आणखी स्पष्ट झाली. पाटे आणि आस यांना बांधून धरतात ते इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट. ते सगळ्या जोरानं आवळायचे, तेही आळीपाळीनं तिरके, थोडे थोडे. जोर किती लागला ते दाखवणारा पाना मिळतो, तो आकडा येईपर्यंत सुट्टी नाही. इथं ढिलाई झाली तर सगळा भार मधल्या एकट्या बोल्टवर येतो आणि तो बिचारा तुटतो. त्याआधी पुढच्या हुकापासून चाकांच्या दोन्ही टोकांपर्यंत फीत लावून अंतर मोजायचं. दोन्हीकडे सारखंच भरलं पाहिजे, नाहीतर ट्रेलर जन्मभर एका बाजूला ओढत राहतो. (आई आणि बायको यांच्यामध्ये उभ्या असलेल्या गृहस्थांनी ही फीत जरूर घ्यावी.) शॅकलचे बोल्ट मात्र खुळखुळ जाईल इतपतच. फार आवळले तर झोका अडकतो, मग तो असून नसल्यासारखा.

आणि चाकाच्या हबचा नट, त्याची तर तऱ्हाच निराळी. बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरायचं, नट आवळायचा, आवळताना चाक फिरवत राहायचं म्हणजे बेअरिंग नीट बसतं. मग तोच नट सोडायचा आणि नुसत्या बोटांनी परत टेकवायचा. त्यानंतर आरपार पिन घालून तिची टोकं वाकवायची. सोडलेला नट आणखी सुटू नये म्हणून. लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं, की दशरथाच्या रथाची ही पिन ऐन युद्धात निसटली आणि कैकेयीनं तिथं आपलं बोट घातलं. त्या बोटाबद्दल दोन वर कबूल झाले, आणि पुढचं रामायण तुम्हाला माहीत आहे. एका पिनेपायी चौदा वर्षं. मी भाच्याला दोनदा पिन तपासायला लावली.

तो चाकापाशी मांडी घालून बसला होता. हात ग्रीसनं माखलेले. म्हणाला, "मामा, आईनं विचारायला सांगितलंय ना?"

मी म्हटलं, "सांगितलंय."

"हो म्हटलं तर खोटं होईल. नाही म्हटलं तर ती..." त्यानं वाक्य अर्धवट सोडलं. "म्हणून मी बघू म्हणतो. ते झुलतं राहतं."

आता मामा या पदाचा मान राखून मला बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "अरे, झुलतं ठेवायला माझी हरकत नाही. पण शॅकल किती झुलतं ते आत्ताच पाहिलंस ना? दोन-तीन इंच. तुझं अठरा वर्षं झुलतंय. आणि दुसरं टोक कशाला बांधलंयस ते मला दिसत नाही. एक बोल्ट दाखव, जो तू कुठल्याही परिस्थितीत सोडणार नाहीस."

तो बराच वेळ हात पुसत बसला. ग्रीस तसंही निघत नव्हतं. मग म्हणाला, "दिवाळी. दर वर्षी. रजा मिळो न मिळो, तिकीट कितीही असो. दिवाळीला मी पुण्यात."

"आकडा येईपर्यंत आवळलास?"

"आवळला."

शनिवारी सकाळी होडी पाण्यात घालायला निघालो. खाडीच्या उतारापाशी पोचल्यावर लगेच ट्रेलर पाण्यात लोटत नाहीत. धावून धावून हब तापलेले असतात. गरम हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि खारं पाणी आत ओढून घेते. म्हणून थोडा वेळ थांबायचं. तेवढ्यात यू-बोल्टही पुन्हा एकदा तपासायचे, कारण पहिल्या फेरीनंतर ते थोडे बसतात. भाचा पाना घेऊन खाली गेला आणि मी पुण्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात.

"काय म्हणतो?" ताईनं विचारलं. "हो की नाही?"

मी म्हटलं, "ताई, दर दिवाळी पक्की. लेखी हवं तर लेखी. बाकीचं अजून हलतंय."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. फोन कापला गेला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"दिवाळी म्हणजे कधीपासून?" ताई म्हणाली. "वसुबारसेला ये म्हणावं. नरकचतुर्दशीला उगवून काय उपयोग? चकल्या कोण पाडणार?"