गृहस्थाची लोकसेवा

एखादा लोकसेवक निवर्तला म्हणजे त्याच्या गुणवर्णनात दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात : तो कुटुंबवत्सल होता, आणि त्याने समाजासाठी देह झिजविला. या दोन गोष्टी एका श्वासात सांगताना वक्त्याला त्यांत काही विरोध जाणवत नाही आणि श्रोत्यालाही जाणवत नाही. परंतु ज्या घराने आपला कर्ता पुरुष समाजाच्या हवाली केलेला असतो, त्या घरातील माणसांना तो विरोध रोजच्या व्यवहारात भोगावा लागलेला असतो. महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजेच अण्णा, यांचे स्मरण करताना हा विरोध झाकून ठेवू नये असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. कारण अण्णांच्या थोरवीचा फार मोठा भाग त्या विरोधाला ते ज्या रीतीने सामोरे गेले त्या रीतीत आहे.

प्रपंच टाकून परमार्थ करणाऱ्यांबद्दल आपल्याला आदर वाटतोच. पण प्रपंचात राहून तो करणाऱ्या एकनाथांबद्दल मराठी मनाला काकणभर अधिक जिव्हाळा वाटत आला आहे. अण्णा या दुसऱ्या परंपरेतले. १८५८ साली जन्मलेला, दापोलीजवळच्या मुरूड गावात वाढलेला हा मितभाषी, गणित शिकविणारा गृहस्थ संन्यासाच्या वाटेने सुधारणेकडे गेला नाही. तो विवाहाच्या वाटेने गेला. प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या, आणि पदरी रघुनाथ हा मुलगा असताना अण्णांनी ११ मार्च १८९३ रोजी आपल्या मित्राची विधवा भगिनी गोदूबाई, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेलेल्या आनंदीबाई, यांच्याशी विवाह केला. विधुराने कुमारिकेशी लग्न लावावे हीच जेथे रीत होती, तेथे आपल्या मताची परीक्षा त्यांनी प्रथम आपल्याच घरात घेतली. या परीक्षेचा दंड मात्र केवळ त्यांना भरावा लागला असता तर गोष्ट सोपी झाली असती. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला, आणि लेक गावी आला तर त्याला घरात घ्यावे की न घ्यावे अशा पेचात वृद्ध माता आणि वडील बंधू सापडले. सुधारकाच्या धैर्याचे आपण गोडवे गातो. त्या धैर्यापायी ज्यांना न विचारता जामीन राहावे लागले त्यांची नोंद क्वचितच कोणी घेतो.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० मध्ये, प्लेगाच्या धामधुमीनंतर, पुण्याबाहेर सुमारे चार मैलांवर हिंगण्याच्या माळावर गेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावयाचे, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान बरोबर घेऊन हिंगण्याची पायवाट तुडवावयाची, तेथे मुलींना शिकवावयाचे आणि पुन्हा शहरात परतावयाचे, हा त्यांचा क्रम सर्वश्रुत आहे व तो वाचताना आजही मन नम्र होते. त्यापेक्षाही मला विचारात पाडते ती विम्याची हकीकत. कॉलेजचे बेताचे वेतन, लहान मुले, सासरमाहेरचा आधार तुटलेली पत्नी, आणि या सर्वांच्या उद्याची तरतूद म्हणून उतरविलेला पाच हजार रुपयांचा आयुष्याचा विमा; तो विमा अण्णांनी आश्रमाच्या नावे करून दिला. बायांना याचे अतिशय दुःख झाले आणि संतापही आला. तो संताप अनुदारपणाचा नव्हता. वैधव्य म्हणजे काय हे त्यांनी बालवयातच भोगले होते, आणि पुन्हा ती वेळ आली तर मुलांना घेऊन कोणाच्या दारात उभे राहावयाचे हा त्यांचा प्रश्न पूर्णपणे रास्त होता. विधवांसाठी काढलेल्या संस्थेला जे दिले गेले ते एका संभाव्य विधवेच्या हिश्श्यातून दिले गेले, हे मान्य केल्यावाचून या त्यागाचे मोल ठरविताच येत नाही.

याहूनही कठोर अशी एक गोष्ट आहे. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही अशी खात्री पटल्यावाचून सनातनी पालक आपल्या विधवा मुली तेथे पाठवीत ना, आणि म्हणून स्वतः पुनर्विवाहित असलेल्या बायांना त्या आश्रमापासून अंतर राखून राहावे लागले. ज्या विवाहाने अण्णांचे कार्य सुरू झाले तो विवाहच कार्याच्या सोयीसाठी बाजूला ठेवावा लागला. अण्णांच्या या निर्णयाला मी अन्याय म्हणतो, आणि त्याच निर्णयामुळे शेकडो मुलींना अक्षरे व उपजीविका मिळाली हेही त्याच जोराने म्हणतो. एकाने दुसऱ्याची भरपाई होते असे मला वाटत नाही.

तरीही अण्णांना निष्ठुर म्हणणे हे खोटे ठरेल. निष्ठुर मनुष्य आपल्या घरच्यांची नाराजी दप्तरी दाखल करीत नाही. अण्णांनी आपल्या 'आत्मवृत्ता'त ती केली, आणि पैशाच्या हिशेबात जो काटेकोरपणा ते पाळीत तोच स्वतःविषयी लिहितानाही पाळला. बायांनीही 'माझे पुराण' लिहून आपली बाजू रुजू केली. सून इरावतीबाईंनी तर सासऱ्यांवर लिहिताना त्यांच्याबद्दलचा अभिमान आणि त्यांच्या पत्नीच्या वाट्याला आलेल्या कष्टांची जाणीव या दोहोंना सारखीच जागा दिली. ज्या घरात अशा गोष्टी उघडपणे लिहिता येतात, त्या घरात प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? बाया रागावल्या खऱ्या, पण आश्रमासाठी वर्गणी गोळा करावयास त्याच घराबाहेर पडल्या. त्यांच्या धाकट्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या आणि निधीसाठी थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. पुढे मुलगा भास्कर व सून कावेरीबाई यांनी हिंगण्यालाच आपले आयुष्य वाहिले. अण्णांचे कुटुंब त्यांच्या कार्याचे ऋणको नव्हते, धनको होते.

१९१६ सालचे महिला विद्यापीठ, पंचाहत्तरी उलटल्यावर काढलेले ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ, १९४४ चा समता संघ, १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी लाभलेले भारतरत्न, हे सारे आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. थोरले चिरंजीव रघुनाथराव यांची कथा मात्र या यादीत सहसा येत नाही. संततिनियमनाचा प्रचार त्यांनी त्या काळी केला की ज्या काळी तो शब्द उच्चारणेही असभ्य समजले जाई. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली, आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी खटले व टवाळी सोसून १९५३ मध्ये देहावसान होईपर्यंत चालविले. पित्याचा मार्ग लोकांना न दुखविता पुढे सरकण्याचा, पुत्राचा लोकांना दुखवूनही सत्य सांगण्याचा. पण तत्त्वासाठी घरची निश्चिंती पणाला लावण्याचे वळण एकच. आणि त्याही घरात, नोकरी गेल्यानंतरचे दिवस निभावून नेण्याचा जिम्मा पुन्हा पत्नीकडे, मालतीबाईंकडेच आला.