दुष्काळातला डास

डास म्हटले की तुंबलेली गटारे, साचलेली डबकी आणि पावसाळी ओल आठवते. त्यामुळे कमी पावसाच्या मुलखाची डासांपासून तरी सुटका होत असेल, असे आपण धरून चालतो. पाथर्डीसारख्या तालुक्यात हा समज टिकत नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व कडेला, बीडला लागून, पर्जन्यछायेत असलेला हा तालुका टँकरच्या यादीत वर्षानुवर्षे दिसतो, आणि दसरा उलटला की इथली हजारो माणसे ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. इथे पाणी उघड्यावर साचत नाही, ते घरात साठवले जाते. डेंग्यूच्या डासाला हवे असते तेही नेमके हेच. म्हणून कोरडवाहू गावातला डेंग्यू हा अस्वच्छतेपेक्षा पाण्याच्या अनियमिततेचा आजार आहे, आणि त्यावरचा पहिला उपाय दवाखान्याआधी पाणीपुरवठ्याच्या वहीत शोधायला हवा, असे या लेखाचे म्हणणे आहे.

डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती ही डासाची जात गटाराकडे फिरकत नाही. तिला स्वच्छ, न हलणारे, शक्यतो सावलीतले पाणी लागते. रांजण, हौद, प्लॅस्टिकचे पिंप, गच्चीवरची झाकण हरवलेली टाकी यांच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, मादी अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी पुन्हा त्या रेषेला लागले की फुटतात. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवसांत संपतो. आता याच्या शेजारी नळाचे वेळापत्रक ठेवून पाहा. जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. नळाला आठ दिवसांनी पाणी येत असेल, तर पाच माणसांच्या घराला त्या मानाने २,२०० लिटर पाणी भरून ठेवावे लागेल. शिवाय पुढची पाळी चुकेल या धास्तीने कोणीही तळ दिसेपर्यंत हौद रिकामा करत नाही. जुन्या पाण्यावरच नवे पाणी पडते. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, सगळी भांडी घासून पालथी घाला, असे आरोग्यसेवक आणि आशाताई सांगतात. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण तो पाळण्यासाठी उद्या पुन्हा पाणी येईल, ही खात्री लागते, आणि ती खात्री देणे आशाताईंच्या हातात नाही.

पाणी भरण्याची पद्धत बदलली की रोग हटतो, याचा पुरावा महाराष्ट्राने स्वतः अनुभवला आहे. नारूचे नाव आज तरुणांना ठाऊक नसेल. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी पिताना त्यातला सायक्लॉप्स हा सूक्ष्म जलचर पोटात जाई, त्याच्या अंगातली अळी आतड्याबाहेर पडून शरीरात वाढे, आणि वर्षभराने हातभर लांबीची, कधी त्याहून मोठी मादी बहुधा पायातून बाहेर येऊ लागे. तोवर शरीरात जवळजवळ कसलीच खूण नसे. मग फोड, आग आणि सूज. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवी आणि लाखो अळ्या पुन्हा विहिरीत सुटत. नारूवर लस तेव्हा नव्हती, आजही नाही, कृमीला मारणारे खात्रीचे औषधही नाही. तरीही १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने महाराष्ट्रासह सात राज्यांतला हा रोग संपवला. पायऱ्यांच्या विहिरी बदलून हातपंप बसवले, पाणी कपड्याने गाळायला शिकवले, विहिरीत सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस टाकले, एकेक रुग्ण शोधला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. जगात १९८६ साली अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२४ मध्ये अवघ्या १५ माणसांना नारू झाल्याची नोंद झाली.

नारू सोपा होता, डास उडतो, हा आक्षेप इथे येणारच, आणि तो वजनदार आहे. नारूला एकाच जागचे पाणी लागे, डेंग्यूचा डास घरोघरी वाढतो. पण या डासाची झेप सहसा दोन-चारशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तो आपल्याच गल्लीत, आपल्याच पिंपात जन्मलेला असतो, आणि म्हणून त्याचा बंदोबस्त स्थानिक ठरतो. व्हिएतनामच्या खान्ह होआ प्रांतातल्या रुग्णांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. नळाचे पाणी नसलेल्या, मध्यम दाटीच्या गावा-उपनगरांत डेंग्यूचा धोका सर्वाधिक आढळला; दाट शहरात नळ होते आणि तिथे तो कमी होता. उलट बाजूने सिंगापूरचे उदाहरण दिले जाते. तिथे चोवीस तास पाणी आहे, तरी डेंग्यूच्या साथी येतात. हे खरेच आहे. पुण्या-मुंबईतही कुंड्यांच्या ताटल्या आणि बांधकामांवरचे पाणी डास वाढवते. म्हणून नियमित पाण्याने डेंग्यू संपूर्ण जाईल, असा दावा मी करत नाही. फरक एवढाच की कुंडीतले पाणी ओतून देता येते, पिण्याचे देता येत नाही. जिथे डासाचे मुख्य घर म्हणजे कुटुंबाची गरज आहे, तिथे निष्काळजीपणाचा ठपका ठेवून काहीच साधत नाही.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेकडे बोट दाखवतो: विज्ञान एवढे पुढे गेले असताना हौदा-पिंपांची चर्चा कशाला? खरे तर विज्ञानच आपल्याला पिंपाकडे परत नेते. डेंग्यूत रुग्णाचे घर ‘पेशी किती उतरल्या’ एवढेच विचारत राहते, पण जीवघेणी गोष्ट बहुधा वेगळी असते: ताप उतरू लागताना रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि रक्तदाब कोसळतो. बर्कले आणि क्वीन्सलँड इथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की विषाणूने रक्तात सोडलेले एनएस-१ हे प्रथिन प्रतिकारपेशींवरच्या टीएलआर-४ या संवेदकाला चेतवते आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर गळके करते. निदानासाठी आपण जे प्रथिन तपासतो, तेच हानीतही वाटेकरी आहे. म्हणजे बरीचशी हानी शरीराच्याच अनावर दाहातून होते. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारच्या डेंग्यूची लागण झाली, तर पहिल्या वेळच्या प्रतिपिंडांमुळे आजार बळावूही शकतो. हे ज्ञान अनमोल आहे, पण दाह पेटल्यावर तो विझवणारे खास औषध अजून हाती नाही. वेळेवर, मोजून दिलेले सलाईन आणि डोळस निगराणी हाच उपचार. ज्या आजारात इलाज इतका उशिरा सुरू होतो, तिथे आजाराची अंगात शिरण्याची वाट अडवणेच शहाणपणाचे.

लसी आणि जिवाणूबाधित डासांबद्दलची आशा खोटी नाही. वोल्बाकिया हा जिवाणू असलेले डास सोडल्यावर इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्रानेही असे डास तयार केले आहेत. भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. पण फिलिपिन्समध्ये २०१७ साली आधी डेंग्यू न झालेल्या मुलांना दुसऱ्या एका लसीमुळेच अधिक धोका असल्याचे दिसले आणि मोहीम थांबवावी लागली. एकाच हत्यारावर विसंबल्याची किंमत आपणही मोजली आहे. डीडीटीच्या बळावर देशातला मलेरिया वर्षाला साडेसात कोटींवरून १९६५ पर्यंत लाखाच्या घरात आला, आणि १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेला. धूर फवारणीला रस्त्यावर टाळ्या मिळतात. हौदाच्या आतली अंडी मात्र तशीच राहतात.

राहतो तो सर्वांत व्यवहारी प्रश्न: दुष्काळी तालुक्यात रोज पाणी आणायचे कुठून? उत्तर असे, की पाण्याचे प्रमाण आणि पाण्याची पाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठ दिवसांचे पाणी एकदम सोडण्याऐवजी तेवढेच पाणी एका आड एक दिवस सोडले, तर साठा घटतो आणि भांडे घासायला सवड मिळते. त्यासाठी गळती, वीज आणि झडपांचे वेळापत्रक सुधारावे लागेल, आणि ते अवघड आहे, पण पाऊस पाडण्याइतके अवघड नाही. जिथे हे जमणार नाही, तिथे प्रत्येक घराला घट्ट झाकण, जाळी आणि गप्पी मासे देणे हा पाणी योजनेचाच खर्च धरावा. कारखान्यांच्या तळावर कोप्यांपुढे भरून ठेवलेली पिंपेही यातून वगळता येणार नाहीत, कारण तालुक्याची निम्मीअधिक चिंता हंगामात तिथेच राहायला गेलेली असते. आरोग्य खाते किती घरांत अळ्या सापडल्या ते नोंदवते. पाणीपुरवठा विभाग किती नळ जोडले ते नोंदवतो. दोन पाण्यांमधले दिवस कोणाच्याच तक्त्यात ठळकपणे दिसत नाहीत. ग्रामसभेत या दोन नोंदी शेजारी वाचल्या गेल्या, आणि त्यांच्यामध्ये तो तिसरा आकडा लिहिला गेला, तर डेंग्यूचा जाब कोणाला विचारायचा हे गावाला कळेल. सध्या तो जाब हौद भरून ठेवणाऱ्या बाईलाच द्यावा लागतो.