न बोलावलेल्या जोश्यांची दक्षिणा

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. त्यांनी तुकोबांना स्वप्नात मंत्र दिला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्याच ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८०च्या दशकात ब्राह्मण पुरोहित न बोलावता जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने लग्नकार्य पार पाडलं आणि ग्रामजोशी कोर्टात गेले.

त्यांची मागणी नीट पाहण्यासारखी आहे. जोशीपण हे आमचं वतन आहे; तुम्ही बोलावलं नाहीत, तरी आमचा हक्क द्या. धर्माच्या नावाने चाललेल्या या भांडणात मंत्रांपेक्षा उत्पन्नाचीच चर्चा जास्त. जोश्यांचा संसार त्या वतनावर चाले हे खरं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्पन्न बुडताना कोण गप्प बसेल? पण एकाच्या पोटापाण्याची सोय म्हणून दुसऱ्याने मनाविरुद्ध विधी करावा, हे कसं मानायचं?

पाटलांनी देव सोडला नव्हता, हे त्यांचे टीकाकार आणि कधीकधी त्यांचे चाहतेही विसरतात. सत्यशोधक निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत. जोतीरावांनी १८८७ साली लग्नापासूनच्या पूजाविधींची पुस्तिकाच छापली. त्यांचं म्हणणं एवढंच, की निर्मिकापुढे उभं राहायला दलाल लागत नाही. विवेक म्हणजे धर्मबुडवेपणा, ही समजूत पसरवण्यात कुणाचा फायदा होता, हे ओतूरचा खटला सांगतो.

१८९० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाटलांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी जोतीराव गेले. पुढे कायदेमंडळाचे सदस्य सी. के. बोले यांच्या खटपटीने १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि न बोलावता दक्षिणा मागण्याची सोय संपली.

म्हणजे गेली शंभर वर्षं आपल्यावर कुणाची सक्ती नाही. तरी कुकडी-घोडच्या काठावर दशक्रियेला पाहा. प्रवचन होतं, पुढाऱ्यांची भाषणं होतात, आणि ज्याचा पिंडावर काडीचा विश्वास नाही तोही कावळ्याची वाट बघत उभा असतो. विचारलं तर म्हणतो, "भावकी काय म्हणेल?" ज्याची श्रद्धा आहे त्याने पिंड जरूर ठेवावा, त्याला अडवणारा सुधारक मला नव्या ग्रामजोश्यासारखाच वाटतो. माझं भांडण श्रद्धा नसताना हात जोडणाऱ्याशी आहे, कारण त्याच्या भित्रेपणाची किंमत बहुतेक वेळा घरातली बाई मोजते.

नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. हे करायला कुठल्या वतनदाराची गरज पडत नाही, जावा-नणंदाच पुढे होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. ठराव उत्तमच. त्याने भावकीचं तोंड बंद होईल. पण ठरावाच्या जोरावर तिच्या कपाळी कुंकू लावणाराही तिला विचारतोच असं नाही. ठेवायचं की पुसायचं, हे तिचं तिला ठरवू द्या, आणि ती जे ठरवेल त्यानंतर तिला हळदीकुंकवाला बोलवा.