बाळ त्या दिवशी कोणाजवळ होते?



गेल्या वर्षी आपल्या सणाची निमंत्रणपत्रिका फार सुंदर झाली, असे पुष्कळांनी आम्हांला सांगितले. ते श्रेय आमचे नव्हते. आपल्याच एका भगिनीने ती घरच्या संगणकावर तयार केली होती. लग्नपत्रिका, दुकानांचे फ्लेक्स, शाळांची माहितीपत्रके हे तिचे रोजचे काम. आधी ती शहरात नोकरी करीत होती; मूल झाल्यावर घरूनच कामे घेऊ लागली. पत्रिकेत आम्ही चार वेळा बदल सुचवले. शेवटचा बदल तर रात्री दहा वाजता फोन करून सांगितला. फाईल पहाटे दोनला आली. त्या रात्री तिच्या बाळाला ताप होता, हे आम्हांला नंतर समजले.

तिने तक्रार केली नाही. एकदा मिस्सानंतर मात्र विचारले, "फादर, मी हे काम सोडून देऊ का? घरचे म्हणतात, काहीतरी एक धर." आम्ही 'समतोल साधावा' असे काहीसे बोललो. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला हे उत्तर शोभले नाही. समतोल हा तराजूचा शब्द आहे. बाळाचा ताप आणि गिऱ्हाइकाची पत्रिका कोणत्या वजनाने तोलायची? आणि तो तराजू नेहमी तिच्याच हातात का?

आपण तेरचे लोक. या प्रश्नाची एक कथा आपल्या गावच्या मातीतच आहे. गोरोबाकाकांची पत्नी पाणी आणायला गेली. जाताना तिने बाळ त्यांच्यावर सोपवले. ते विठ्ठलाच्या नामात रंगून चिखल तुडवत होते. बाळ रांगत आले आणि त्यांच्या पायांखाली गेले. पुढे पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात ते मूल परत मिळाले, असे परंपरा सांगते. आपल्या शेजाऱ्यांसाठी ही भक्तीची कथा आहे आणि तिचा आम्ही आदर करतो. पण तिच्यातल्या एका तपशिलावर आपण फारसे थांबत नाही. बाळ त्या दिवशी कोणाजवळ होते? वडिलांजवळ. आई पाणी आणायला गेली होती, तेही कामच. वडील श्रम करीत होते, मन देवात होते. कोणीही वाईट काही करीत नव्हते. तरी 'संसार धर नाहीतर चाक धर' असा प्रश्न कोणी कुंभाराला घातल्याचे ऐकिवात नाही.

दोन चांगल्या गोष्टी एकमेकींवर आदळतात, तेव्हाच खरी अडचण असते. कुंभाराच्या घरी अंगण हाच कारखाना. माती चाळण्यात, भिजवण्यात घरच्या बायकांचाही हात. पुढे कचेऱ्या आल्या, काम घराबाहेर गेले. आता संगणकाने ते पुन्हा घरात आणले आणि लोक म्हणतात, बरी सोय झाली, मूलही सांभाळता येते. ही सोय अर्धीच खरी आहे. अक्षरजुळणीच्या कामात नावातली एक वेलांटी चुकली, तर पाचशे पत्रिका वाया जातात. त्या कामाला सलग वेळ लागतो. बाळ मात्र वेळ ठरवून रडत नाही. लक्ष ही पोळीसारखी अर्धी अर्धी करून वाटण्याची वस्तू नाही.

मग उरते रात्र, आणि ती आईच्या झोपेतून घेतली जाते. २०१७ साली कायद्याने बाळंतपणाची रजा १२ वरून २६ आठवडे केली; चांगले झाले. पण घरी बसून गिऱ्हाइकांची कामे घेणारीला रजा कोण देणार?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयीच्या आपल्या परिपत्रकात आईची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही असे लिहिले. त्याच ठिकाणी त्यांनी हेही लिहिले, की श्रमाची रचनाच अशी असावी, की पुढे जाण्यासाठी स्त्रीला कुटुंबाची किंमत मोजावी लागू नये. पहिली गोष्ट आम्ही प्रवचनात अनेकदा सांगितली आहे. दुसरी क्वचितच, हे कबूल करतो. संत जियाना बेरेट्टा मोल्ला यांचेही तसेच. १९६२ साली पोटातल्या मुलीसाठी त्यांनी जीव धोक्यात घातला आणि त्या गेल्या. २००४ साली त्यांना संतपद मिळाले. तो त्याग आपण सांगतो. पण त्या डॉक्टर होत्या आणि आधीची तीन मुले लहान असतानाही रुग्ण तपासत होत्या. ती वर्षे आपण झटकन ओलांडून जातो.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा. त्या भगिनीने काम सोडावे की ठेवावे, हे तिने आणि तिच्या पतीने मिळून ठरवायचे आहे. बाळाचे देणे दोघांवरही आहे. आमच्याकडे तिचे देणे निघते, ते मात्र आम्हीच फेडले पाहिजे. पत्रिकेचे काम 'देवाचे काम' म्हणून आम्ही फुकट करून घेतले होते. दुकानदाराने तरी पैसे दिले असते.

तेव्हा यंदा तिचा मेहनताना धर्मग्रामाच्या निधीतून दिला जाईल. नाताळच्या पत्रिकेतील नावे, वेळा आणि गीतांचा क्रम नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आमच्याकडे लिहून द्यावा. नंतर आलेला बदल घेतला जाणार नाही, अगदी आम्ही सुचवलेला असला तरी. आणि कृपया तिला परस्पर फोन करू नये.