कुंपण आणि फाटक

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील एक जोडपे आम्हांस भेटावयास आले. दोघांनीही नुकतीच साठी ओलांडलेली. लग्नाला पस्तीस वर्षे पूर्ण होत आलेली. टोरांटोत नोकरीस असलेल्या मुलाने त्या निमित्ताने आईवडिलांना कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया बेटावर आठ दिवस पाठवावयाचे ठरविले होते. त्याने धाडलेली निवासस्थळांची माहितीपत्रके आमच्या टेबलावर पसरली गेली. प्रत्येकात तीन गोष्टी ठळकपणे सांगितल्या होत्या : प्रवेश केवळ प्रौढांना, राहणे, खाणेपिणे व खेळ सारे एकाच रकमेत, आणि दिवसभर हातापायांना भरपूर काम, म्हणजे पोहणे, स्कूबा डायव्हिंग, होडी वल्हवणे, डोंगर चढणे.

गृहस्थ गावच्या बावखलात पोहायला शिकलेले व अजूनही रोज सायकल चालविणारे. ते खुशीत होते. बाई मात्र घुटमळत होत्या. अखेर म्हणाल्या, "फादर, जिथं पोरांना मज्जाव, तिथं जाणं बरं का? आणि खरं सांगायचं तर मला तिथंच जावंसं वाटतंय. तेच टोचतंय."

प्रश्न साधा दिसतो, पण तसा तो नाही. या बाईंनी तीन मुले वाढविली, सासूबाईंचे दीर्घ दुखणे काढले, आणि आज दोन नातवंडे त्यांच्याच मांडीवर वाढत आहेत. आठ दिवस कुणाचेही रडणे कानी पडू नये असे त्यांना वाटले, तर त्यात माया आटल्याचे लक्षण कोणते? आम्ही धर्मगुरूही वर्षातून एकदा मौनसाधनेसाठी गाव सोडून जातो. तेथेही मुले नसतात. परतल्यावर मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गातील गलका आम्हांस अधिक गोड लागतो. जो परत येण्यासाठी दूर जातो, त्याच्या दूर जाण्यात दोष नाही. मुलांचे असणे हाच ज्याला उपद्रव वाटू लागला आहे, त्याने मात्र स्वतःला तपासावे. प्रार्थनेच्या वेळी एखादे मूल रडले की किती माना रागाने वळतात, हे आम्ही वेदीवरून पाहतो. ते कुंपण घालण्यास कॅरिबियनपर्यंत जावे लागत नाही.

दुसरी अट पैशाची. सारा खर्च आधीच भरावा व मग मोजणे थांबवावे, या कल्पनेचा उगम उदात्त होता. १९५० साली, महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली असता, जेरार ब्लिट्झ या बेल्जियन वॉटरपोलोपटूने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया येथे तंबूंची वसाहत उभारली. तीच क्लब मेडची सुरुवात. साधे तंबू, एकत्र जेवण, समुद्र आणि खेळ. पुढे तेथे पेयांसाठी नाण्यांऐवजी गळ्यातील माळेचे मणी चालू लागले. कोण श्रीमंत व कोण बेताचा, हे सुट्टीपुरते तरी कुणास कळू नये, ही त्यामागील भावना होती. १९८१ साली जमैकातील मॉन्टेगो बे येथे गॉर्डन स्टुअर्ट यांनी केवळ जोडप्यांसाठी 'सँडल्स' सुरू केले आणि ही पद्धत कॅरिबियनमध्ये चांगलीच रुजली. तेथे बहुतेक सेवकांना बक्षिसी देण्याचीही मनाई असते.

न मोजण्यात एक सुख आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण मोजणे थांबले म्हणजे ऋण फिटले, असे नव्हे. सारे काही आतच मिळत असल्यावर पाहुण्याला बाहेर पाऊल टाकण्याचे कारण उरत नाही. रस्त्यावरील फळवाली, टॅक्सीवाला, लहानशी खाणावळ यांच्या वाट्याला मग काय येते? जमैकात तर १९५६ च्या कायद्याने किनारा सरकारच्या ताब्यात गेला व तेथे जाण्याचा सर्वसाधारण हक्क लोकांना राहिला नाही. आपल्याच बेटाच्या समुद्रापाशी जाताना मुलांना फाटकावर थांबावे लागले, तर "केवळ प्रौढांना" या शब्दांचा अर्थ फार कठोर होतो.

मग जाऊच नये काय? आमचे उत्तर तसे नाही. वाट माहितीपत्रकातील तिसऱ्या गोष्टीतच सापडते. जो हातपाय हलविण्यासाठी जातो, त्याला कुंपण फार काळ धरून ठेवू शकत नाही. सेंट लुसियात सुफ्रिएर गावाजवळ ग्रो पितों व पती पितों ही दोन शिखरे समुद्रातून सरळ वर आली आहेत. २००४ पासून ती जागतिक वारसा आहेत. त्यांच्या मधल्या दरीत हॉटेल उभे राहू नये म्हणून, १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे याच बेटाचे कवी डेरेक वॉलकॉट यांनी आवाज उठविला होता. ग्रो पितोंची चढण फाँ जाँ लिब्र या वस्तीतून सुरू होते. नावाचा अर्थ 'स्वतंत्र माणसांची दरी'. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांनी या डोंगराचा आसरा घेतला होता. आज तेथील रहिवासीच वाटाडे होऊन पाहुण्यांना वर नेतात. अशा चढणीवर पाहुणा धापा टाकतो व यजमान पुढे उभा राहून हात देतो. आठवड्यातील ती सकाळ कुणाच्या ताटातील मेजवानीपेक्षा मोलाची ठरेल.

त्या जोडप्याला आम्ही व्यवहाराचेही चार शब्द सांगितले. डायव्हिंग रकमेत असले तरी ते बहुधा प्रमाणपत्र असलेल्यांसाठीच असते. शिकण्याचे पैसे निराळे पडतात. शेवटच्या बुडीनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये. जून ते नोव्हेंबर हा तेथील चक्रीवादळांचा काळ. २०११ पासून काही महिने सारगॅसम शेवाळाचे ढीग किनाऱ्यांवर येतात, तेव्हा कोणता किनारा हेही विचारावे. आणि याच यादीत आणखी तीन प्रश्न लिहावेत : तेथे राबणारी माणसे कोठली? ताटातील मासळी कुणाच्या होडीतली? पायी गावात जाण्यास वाट आहे काय?

दोघांनी सुफ्रिएरजवळचे एक लहानसे ठिकाण पसंत केले आहे. तेथून गावात पायी जाता येते. बाईंना आम्ही इतकेच म्हणालो, "निर्धास्त जा. टोचणी लागली, ती मायेचीच आहे." थकल्या जिवाला कुंपणाची सावली हवी असते, आणि ती मागण्यात पाप नाही. निवड करताना फाटक कोठे आहे व ते आतून उघडते काय, एवढे मात्र आपण प्रत्येकाने पाहून घ्यावे.