सिस्टर कोरिटांची रजा

1968च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या इमॅक्युलेट हार्ट कॉलेजातल्या एका ननने दीर्घ रजा घेतली आणि ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, केप कॉडच्या समुद्रकाठी जाऊन राहिली. बॉस्टनला गॅलरी चालवणाऱ्या सीलिया हबर्ड या मैत्रिणीने तिला बोलावलं होतं. सिस्टर मेरी कोरिटा तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. अठराव्या वर्षी, 1936 मध्ये त्या इमॅक्युलेट हार्ट या नन्सच्या संघात आल्या, म्हणजे आयुष्याची 32 वर्षं व्रतस्थ गेली होती. रजा संपली तेव्हा त्यांनी व्रतं सोडली होती.

कलेतून साधना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकांत येतो: डोंगरातली खोली, नदीचा आवाज, कुणी बोलायला नाही, समोर कोरा कागद. हल्ली अशी शिबिरंही निघतात आणि थकलेली माणसं मोठ्या आशेने तिथे जातात. कोरिटांची गोष्ट या चित्रात बसत नाही, आणि म्हणूनच ती मोलाची आहे. त्यांची साधना रजेच्या आधी दोन दशकं भर गर्दीत चालली होती.

त्यांचं माध्यम स्क्रीन प्रिंटिंग. जाळीवरून शाई ओढायची, छाप वाळवायचा, मग पुढचा रंग; एका चित्रासाठी हे सगळं पुन्हापुन्हा. वर्षभर शिकवणं असल्याने स्वतःच्या छापांसाठी वेळ मिळे तो ऑगस्टमधल्या सुटीच्या दोन-तीन आठवड्यांत. तेवढ्यात वर्षाचं काम उरकायचं. हाताशी विद्यार्थिनी आणि इतर सिस्टर्स. चित्रं स्वस्तात विकायची, म्हणजे ती साध्या घरांत पोचतील. वर्गात त्या मुलींना मधोमध चौकट कापलेला पुठ्ठ्याचा तुकडा देत आणि सुपरमार्केटमध्ये, पेट्रोल पंपावर, मोटारी धुण्याच्या जागी घेऊन जात. त्या चौकटीतून पाहायचं. जाहिरातीचा अर्धा शब्द, टायरची कड, डब्यावरचा लाल रंग, जे दिसेल ते. गृहपाठही असा की एकाच गोष्टीची शेकडो चित्रं काढा, शेकडो प्रश्न लिहा. पहिल्या वीस-पंचवीस चित्रांत माणूस आधीपासून माहीत असलेलंच काढतो. ते संपल्यावर खरोखर पाहायला लागतो. जपमाळ ओढणाऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

1962 साली लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत अँडी वॉरहॉलची सूपच्या डब्यांची चित्रं लागली. कोरिटांनी ती पाहिली. त्याच वर्षी त्यांनी ‘वंडरब्रेड’ हा छाप केला: बाजारातल्या पावाच्या वेष्टनावर असत तसे बारा रंगीत ठिपके. पण ठिपके पाहताना प्रार्थनेत वाटल्या जाणाऱ्या पवित्र पावाच्या गोल चकत्याही दिसू लागतात. ही कोटी नव्हती. रोजच्या पावात देव आहे असं वेदीवर म्हणायचं आणि दुकानात विसरायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. 1964 मधल्या एका छापात त्यांनी मदर मेरीला रसरशीत टोमॅटोची उपमा दिली. अनेकांना ते झोंबलं.

झोंबलेल्यांत लॉस एंजेलिसचे कार्डिनल जेम्स मॅकिन्टायर अग्रभागी होते. कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा आणणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर इमॅक्युलेट हार्टच्या सिस्टर्सना पोशाख, दिनक्रम, शिक्षण यांत बदल हवे होते. कार्डिनलना नको होते. त्याच सुमारास, 1967च्या नाताळात, कोरिटा ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्या. व्याख्यानं, प्रदर्शनं, विभागाची जबाबदारी, वरून दबाव. झोप उडाली होती. रजा साक्षात्कारासाठी घेतली नव्हती. शरीर आणि मन दोन्ही थकली होती.

एकांताबद्दल आपण एक मोठा गैरसमज जपतो. तिथे गेल्यावर काहीतरी मिळेल, असं आपल्याला वाटतं. कोरिटांच्या बाबतीत त्या उन्हाळ्याने उलट काम केलं: काढून घेतलं. प्रार्थनेची घंटा नाही, वर्ग नाही, मदतीला धावणाऱ्या मुली नाहीत. आजवर साधना आणि तिची व्यवस्था एकमेकींत इतकी मिसळली होती की कुठली कशाला धरून आहे हे कळायला मार्गच नव्हता. व्यवस्था बाजूला झाली आणि पाहण्याची सवय तशीच राहिली. संघ सोडण्याचा निर्णय याच जाणिवेतून आला असं ठामपणे म्हणणं धाडसाचं होईल. दमणूक आणि संघर्ष यांचा वाटा त्यात मोठा होता. पण संघ सुटल्यावर काम थांबलं नाही, एवढं उघड आहे.

उलट लगेचची चित्रं आधीपेक्षा धगधगती झाली. 1968-69 मधल्या ‘हीरोज अँड शीरोज’ या मालिकेत व्हिएतनाम आहे, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या आहेत, शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ आहेत. वर्तमानपत्रांतले फोटो आणि हस्ताक्षर भडक रंगांत एकमेकांवर येतात. शांत ठिकाणी गेलेला माणूस शांतच चित्रं काढतो, हे इथे खरं ठरत नाही. शांत जलरंग पुढे आले, बॉस्टनच्या वास्तव्यात. कर्करोगाचं निदान झालं होतं, आणि कोरिटा उघड्यावर बसून समोरचं रंगवत होत्या. 1971 मध्ये बॉस्टनच्या गॅसच्या अवाढव्य टाकीवर त्यांचे इंद्रधनुषी पट्टे रंगवले गेले. 1985 मध्ये त्यांनी रेखाटलेल्या ‘लव्ह’ या टपाल तिकिटाच्या तर कोट्यवधी प्रती पत्रांवरून गावोगाव गेल्या. छापांच्या स्वस्त किमतींमागची इच्छा अशी टपाल खात्याने पुरी केली.

मागे राहिलेल्यांचं काय झालं, हेही सांगायला हवं. रजा घेणाऱ्याकडे आपलं लक्ष जातं. ज्यांना रजा मिळत नाही, त्या तिथेच झुंजत असतात. 1970 मध्ये इमॅक्युलेट हार्टच्या बहुसंख्य सिस्टर्स, तीनशेच्या आसपास, व्रतांतून मोकळ्या झाल्या आणि चर्चच्या अधिकाराबाहेर एक स्वतंत्र समुदाय म्हणून एकत्र राहिल्या. कोरिटा त्यांच्यात परतल्या नाहीत. 1986 मध्ये त्या गेल्या, तेव्हा आपल्या चित्रांचा मोठा वारसा त्यांनी याच समुदायाकडे सोपवला होता. लॉस एंजेलिसमधलं कोरिटा आर्ट सेंटर त्यातूनच उभं राहिलं.