मंजुळेचा हिशेब

पौडजवळच्या एका महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम चालू आहे. कथा ओळखीची, 'ती फुलराणी'ची. पण मुलांनी ती मुळशीत आणली आहे. त्यांची मंजुळा ताम्हिणीच्या रस्त्यावर करवंदं आणि जांभळं विकते, आणि भाषेचा एक प्राध्यापक तिला 'शुद्ध' बोलायला शिकवायची पैज घेतो. सगळं बसलं, शेवट तेवढा अडला. नाटक बसवणारी तरुण प्राध्यापिका हा पेच घेऊन आत्याकडे आली. आत्या मुळशी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवून निवृत्त झालेली.

भाची : आत्या, मुलांचे दोन तट पडलेत. अर्ध्यांना वाटतं, तिनं प्राध्यापकाकडं परत यावं आणि दोघांचं लग्न व्हावं. उरलेल्यांना वाटतं, तिनं त्याच्या तोंडावर दार आपटून निघून जावं.

आत्या : आणि तुला काय वाटतं?

भाची : तिनं जावं. ज्यानं तिला पैजेपायी शिकवलं, त्याच्याशी संसार कसला करायचा?

आत्या : पैज त्याची असेल, पण शिकली तर ती ना? शिकवणाऱ्याबद्दल माया वाटणं हे काही पाप नाही. आपल्याकडं नवऱ्याकडून शिकूनच पहिल्या बायका उभ्या राहिल्या. रमाबाई रानडे बघ. 1873 साली लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, अक्षरओळख नव्हती. माधवरावांनी शिकवलं, घरातल्या बायकांनी टोमणे मारले, तरी त्या शिकत राहिल्या. माधवराव 1901 मध्ये गेले आणि 1909 मध्ये रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं. त्या नात्यात प्रेम नव्हतं असं म्हणशील?

भाची : नाही म्हणणार. पण रमाबाईंचं लग्न आधी झालं आणि शिक्षण मागाहून आलं. मंजुळेचं उलटं आहे. तिथं लग्न शिक्षणाची किंमत म्हणून पुढं येतं. एकलव्याचा अंगठा मागितला म्हणून आपण द्रोणाचार्यांना आजही माफ करत नाही. इथं अख्खी बाई मागितली जाते आणि आपण टाळ्या वाजवतो.

आत्या : टाळ्या लोक उगीच वाजवत नाहीत. दोन माणसं एकत्र आली की बघणाऱ्याला बरं वाटतं.

भाची : म्हणून तर प्रत्येक नव्या अवतारात शेवट तिकडंच झुकतो. बर्नार्ड शॉनं हे मूळ नाटक, 'पिग्मॅलियन', लिहिलं तेव्हा फुलं विकणारी एलायझा तिला शिकवणाऱ्या प्रोफेसर हिगिन्सकडं राहत नाही, असंच त्याच्या मनात होतं. 1914 साली लंडनच्या प्रयोगात हिगिन्सचं काम करणाऱ्या नटानं पडदा पडता पडता तिच्याकडं फुलं फेकली. शॉ इतका चिडला की 1916 मध्ये त्यानं नाटकाला उपसंहार जोडला : एलायझा तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करते आणि फुलांचं दुकान टाकते. त्याचाही उपयोग झाला नाही. 1956 च्या 'माय फेअर लेडी' या संगीतनाटकात ती परत येते आणि हिगिन्स तिला आपल्या सपाता कुठं आहेत ते विचारतो. 1964 च्या चित्रपटातही तेच. आपल्याकडं 1975 मध्ये पुलंनी 'ती फुलराणी' दिली, भक्ती बर्वेंनी मंजुळा अजरामर केली. 2023 मध्ये विश्वास जोशींचा 'फुलराणी' चित्रपट आला, सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर यांचा, तो तर प्रेमकहाणी म्हणूनच. शंभर वर्षं एकच ओढाताण चाललीये : तिला स्वाभिमान द्यायचा, आणि मग तो स्वाभिमान देणाऱ्याच्याच ओटीत परत घालायचा.

आत्या : थांब. 'तिला स्वाभिमान द्यायचा' म्हणालीस. तो त्यानं दिला?

भाची : म्हणजे शिक्षणानं मिळाला.

आत्या : गोष्ट नीट आठव. एलायझा हिगिन्सच्या घरी कशी येते?

भाची : आपणहून. फुलांच्या दुकानात नोकरी करायची तर बोलणं सुधारलं पाहिजे, म्हणून शिकवणी लावायला येते. फी म्हणून एक शिलिंग देऊ करते.

आत्या : आणि हिगिन्स हिशेब करतो की तिच्या रोजच्या कमाईच्या मानानं हे केवढे पैसे झाले. माझ्या लेखी सगळं नाटक तिथं आहे. ती भीक मागायला आली नव्हती, शिकवणी विकत घ्यायला आली होती. पुलंच्या मंजुळेचं ते स्वगत घे, शिकवणीच्या जाचानं पेटून मास्तरला धडा शिकवायच्या गोष्टी करते ते. तो संताप काय शुद्ध उच्चारांतून आला? स्वाभिमान मुळात होताच. हिगिन्सनं तिच्या शिलिंगाची पैज केली, आणि पैसे मोजून शिकू पाहणारी मुलगी एका रात्रीत मिंधी झाली.

भाची : मग तू माझ्याच बाजूची झालीस. तिनं जावं.

आत्या : घाई करू नकोस. मिंधेपणा वाईट, हे कबूल. पण दार आपटून गेलं की तो संपतो, हे कुणी सांगितलं? उपकार करणाऱ्यावर दात धरणारं माणूसही त्या उपकाराला बांधलेलंच असतं.

भाची : पण उपकार होता का तो? आपल्या मुळशीतच बघ. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट पुढं होते. वीज मुंबईला हवी होती, गिरण्यांना हवी होती. वीज काही वाईट गोष्ट नाही. कंपनी मोबदलाही देत होती. पण ज्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार, त्या मावळ्यांना आधी कुणी विचारलं? कित्येक जमिनींचे कागद पुण्यातल्या सावकारांकडं आणि कसणारा मावळा. पुढं सावकार मोबदल्याला राजी झाले आणि कसणारा एकटा पडला. एलायझाचा बापही पाच पौंड घेऊन मोकळा होतो. भलं करणाऱ्यानं भलं केलं, मधल्यानं पैसे घेतले, आणि जिचं आयुष्य बदलणार तिला कुणी विचारलंच नाही.

आत्या : दाखला चांगला दिलास, पण अर्धाच लागू पडतो. पाण्याखाली गेलेलं खाचर परत पिकत नाही. शिकलेली अक्षरं मात्र शिकवणाऱ्यालाही परत घेता येत नाहीत. म्हणून शिक्षण ही गोष्ट वेगळी. तू चुकीच्या हेतूनं दे, तिसऱ्याच कारणासाठी दे, घेणाऱ्याकडं गेलं की ते त्याचं होतं.

भाची : पण ती जाणार कुठं, हा प्रश्न उरतोच. मीच उलट बाजूनं बोलते आता. आमच्या मुली कोळवण खोऱ्यातून येतात. घरी 'आलती, गेलती' म्हणतात. चांदणी चौक ओलांडून पुण्यात शिरल्या की जीभ आवळून 'आले होते, गेले होते' म्हणतात. घरी आजी म्हणते, पोरगी लई पुस्तकी बोलाया लागली. पुण्यात मैत्रीण म्हणते, तू गावाकडची ना? मंजुळेची ओरड हीच आहे : आता मी कुठल्या कामाची उरले? करवंदं विकायला मागं जाता येत नाही, पुढं कुणी आपलं मानत नाही.

आत्या : हे खरं दुखणं. आणि लग्न लावून दिलं की ते झाकलं जातं. नाटक म्हणतं, आता तिला घर मिळालं, प्रश्न मिटला. तू ते झाकू नकोस. पण एक सांग, ती 'गेलती' म्हणाली तर बिघडलं काय? प्राध्यापकानं तिची बोली पुसायचं काम केलं, तिच्या बोलीत भर नाही घातली. शिकवणीतली खोट ती आहे.

भाची : मग मिंधेपण संपतं कशानं? परत येऊन नाही, निघून जाऊन नाही.

आत्या : आनंदीबाई जोशींकडं बघ. नऊ वर्षांची असताना गोपाळरावांशी लग्न झालं. गोपाळरावांना तिला शिकवायचा ध्यासच होता, आणि त्या ध्यासात ते तिला मारायचे, पुस्तकं फेकायचे, सोडून जाईन म्हणून धमकावायचे. तीच मुलगी 1883 मध्ये नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेली, 1886 मध्ये डॉक्टर झाली, आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. 2019 मध्ये 'आनंदी गोपाळ' चित्रपट आला तेव्हा लोकांचे डोळे भरले. मला मात्र त्या सगळ्यात मोठं वाटतं ते तिनं अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र. तुम्ही मला वागवलंत ते चांगलं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, असं ती त्यात म्हणते. आणि पुढं सांगते की दोन्ही. शेवटाकडं बघितलं तर बरोबर. लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल हे बघितलं तर चूक.

भाची : हे तिनं त्यालाच लिहिलं?

आत्या : त्यालाच. लक्षात घे, ती रागानं घर सोडत नाही आणि पायाही पडत नाही. शिकवणाऱ्यापुढं त्याच्या शिकवण्याचा हिशेब मांडते, जमा एका बाजूला, खर्च एका बाजूला. त्या ओळी लिहिताना ती कुणाची निर्मिती राहिली नाही. मला विचारशील तर तिचं खरं प्रमाणपत्र ते.

भाची : म्हणजे शिकणारा शिकवणाऱ्याला जोखू लागला, की शिक्षण झालं.

आत्या : झालं. नेहमी बंड करूनच होतं असं नाही. आमच्याकडं एका गावात बायकांचा बचत गट होता. मी संध्याकाळी त्यांना अक्षरं शिकवायची. एक बाई अंगठा लावायची, ती सही करायला लागली, मग अडखळत वाचायला लागली. मुळशीत जमिनीला भाव आला तसे तिचे भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आले. 2005 च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा. भावांना तो सोडवून घ्यायचा होता. ते आधी माझ्याकडं आले : बाई, ती तुमचं ऐकते, तिला समजावा, माहेर तुटेल. मी मात्र तिला सांगितलं, सही करू नकोस. माझं म्हणणं कायद्याला धरून होतं.

भाची : मग केली नाही ना सही?

आत्या : पौडच्या नोंदणी कार्यालयात तिनं कागद मागून घेतला. लेखनिक म्हणाला, मी वाचून दाखवतो. ही म्हणाली, मी वाचते. बोट ठेवून सगळी पानं वाचली, गट नंबर दोनदा वाचले. मग म्हणाली, डोंगराकडचं रान मी सोडते, ओढ्याकाठचं खाचर माझ्या नावावर राहील, तसा कागद करून आणा. भाऊ गप्प झाले. मीही गप्प झाले, कारण तिनं माझंही ऐकलं नव्हतं.

भाची : वाईट वाटलं तुला?

आत्या : वाटलं, आणि मग लक्षात आलं की मी शिकवलेलं पोचलं. तिनं माझ्या सांगण्यावरून हक्क राखला असता, तर ती भावांची मिंधी होती ती माझी मिंधी झाली असती. माहेर किती राखायचं आणि जमीन किती राखायची, हे तिनं तिच्या मनानं ठरवलं. कुणाला वाटेल, वाटा पुरता घ्यायला हवा होता. असेल. पण त्या दिवशी सही करणारी ती होती.

भाची : म्हणजे आपण मुलींना शिकवून 'स्वाभिमानी' करतो म्हणतो, ती भाषाच तपासायला हवी. आपणही थोडे हिगिन्सच. मुलीनं आपल्याला हवं तसं स्वतंत्र व्हावं, असं आपल्याला वाटतं.

आत्या : म्हणून जोतिराव आणि सावित्रीबाईंकडं बघताना मला बरं वाटतं. जोतिरावांनी तिला शिकवलं, आणि 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा ती शिक्षिका म्हणून उभी राहिली. शिकवलेल्या बाईला त्यांनी दिवाणखान्यात मिरवलं नाही, बरोबरीनं कामाला घेतलं. पुढं ती त्यांना पत्रं लिहायची ती एका कार्यकर्त्यानं दुसऱ्याला लिहावीत तशी. तिथं प्रेम होतं, आणि मिंधेपण नव्हतं. शॉच्या नाटकातही एलायझा शेवटी म्हणते, मीही शिकवणी घेईन, लोकांना उच्चार शिकवीन. तेव्हा कुठं हिगिन्स तिच्याकडं नीट बघतो.

भाची : मग प्रेमाला जागा आहे, असं तू म्हणतेस.

आत्या : आहे, पण हिशेब झाल्यावर. देणं फिटलं नसताना दिलेला होकार हा होकार नसतो, आणि चिडून दिलेला नकारही पुरता नकार नसतो. देणं-घेणं मोकळं झालं की दोन माणसं समोरासमोर येतात. त्यांना एकमेकांची ओढ वाटली तर वाटो. नाही वाटली तरी नाटक पुरं झालं.

भाची : ठीक. मग आमची मंजुळा शेवटी फी मोजते. पहिल्या अंकात करवंदं विकून आणलेले जे पैसे त्यानं हसून परत केले होते, ते. आणि सांगते, तुम्ही मला हे-हे दिलंत, हे-हे माझ्याकडून काढून घेतलंत. आणि हे सगळं ती स्वतःच्या बोलीत बोलते, प्रमाण भाषा येत असूनही.

आत्या : आणि तो?

भाची : तो फी घेतो.

आत्या : नुसती घेऊन नाही चालायचं. त्याला पावती लिहायला लाव, तिचं पूर्ण नाव घालून. मास्तरानं शिष्येला बरोबरीचं मानलं हे त्यानं हातानं लिहून द्यायला हवं, नाहीतर सगळं शहाणपण पुन्हा तिच्याच एकटीच्या अंगावर पडतं.

भाची : लग्न होणार की नाही, हे सांगायचं?

आत्या : नाही सांगायचं. ते तिचं ती ठरवेल. तुझ्या मुलांच्या दोन्ही तटांना ती त्यांच्या मनासारखी वागायला हवी आहे, हे त्यांना तालमीत सांग. त्यावर ते भांडले तर भांडू देत, त्या भांडणात तू निकाल देऊ नकोस.